खाणकामगारांचे पुरुष वृंदगान (वेल्स)

दक्षिण वेल्समधील कोळसाखाणींच्या खोऱ्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजलेली, फक्त पुरुषांनी चार स्वरपंक्तींत गाण्याची परंपरा. दिवसभर एकाच खाणीत राबणारी माणसे संध्याकाळी चॅपेलच्या सभागृहात किंवा गुत्त्याच्या वरच्या खोलीत तालमीला जमत. गिरणगावातल्या भजनी मंडळात बुवा पुढे गातात आणि बाकीचे तेच मागून उचलतात. इथे उंच आवाजापासून खर्जाकडे उतरत जाणारे पहिला टेनर, दुसरा टेनर, बॅरिटोन आणि बास हे चारही गट एकाच वेळी वेगवेगळे स्वर गातात.

शाळा अर्धवट सुटलेल्या माणसांना हे जमले ते टॉनिक सोल्फामुळे. सारा ग्लोव्हर यांच्या पद्धतीवरून जॉन कर्वेन यांनी घडवलेल्या या लिपीत 'डो' आपल्या षड्जासारखा चल असतो. पट्टी कोणतीही असो, आधारस्वर तोच. स्वर अक्षरांनी लिहितात, मात्रा दोन टिंबांनी वेगळ्या करतात. पाच रेघांच्या लिपीपेक्षा हे छापणे स्वस्त पडे. शिकवताना भिंतीवर स्वरांचा उभा तक्ता टांगत आणि निर्देशक काठीने एकेक स्वर दाखवी. अडचण येई ती मध्येच षड्ज बदलला की. सांध्यावरच्या स्वराला जुने आणि नवे अशी दोन नावे देतात. तिथे एखादा गट जुन्याच षड्जावर राहिला की पुढची सगळी ओळ बिघडते. म्हणून तो सांधा प्रत्येक गटाकडून आधी स्वतंत्र घोटून घ्यावा लागतो.

पुरुषी आवाजांचा एकूण पल्ला सुमारे अडीच सप्तकांचा, त्यामुळे चारही स्वर दाटीने बसतात. खर्जात जवळजवळ ठेवलेले स्वर गढूळ ऐकू येतात. जाणता रचनाकार खालच्या दोन आवाजांत अंतर राखतो. वाद्याशिवाय गाताना सूर हळूहळू उतरणे हा नेहमीचा दोष. थकलेला श्वास हे एक कारण, दुसरे म्हणजे कमी लागलेला गंधार. त्यावर तीच रचना तालमीत अर्धस्वर वर चढवून गाऊन घेतात. लांब ओळीत सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर खंड पडतो, म्हणून शेजाऱ्यांनी आळीपाळीने घ्यायचा. कोळशाच्या धुळीने छाती भरलेल्यांना ही युक्ती विशेष उपयोगी होती. पाळ्यांमुळे तालमीला कुणी ना कुणी गैरहजर असेच.

ऱ्होंडा खोऱ्यातल्या ट्रिऑर्की गावाचे वृंद १८८३ चे. १८९५ मध्ये त्याने विंडसर येथे व्हिक्टोरिया राणीपुढे गायन केले. १९२१ मध्ये खाणमालकांनी केलेल्या टाळेबंदीच्या काळात कुम्बाख येथे, तर १९२४ मध्ये ऱ्होंडा फाख खोऱ्यात पेंडिरस हे वृंद उभे राहिले. पेंडिरसच्या सुरुवातीच्या सभासदांत बेकार खाणकामगार मोठ्या संख्येने होते. काम नसलेल्या माणसाला आठवड्याचे दिवस मोजायला तालीम उरली, हे या इतिहासातले सर्वांत मोलाचे प्रकरण म्हणावे लागेल. ट्रिऑर्कीचे वृंद १९४६ मध्ये पुन्हा बांधले गेले. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन गायक पॉल रॉबसन यांचा पासपोर्ट अमेरिकन सरकारने अडकवलेला असताना त्यांनी अटलांटिकखालच्या टेलिफोन तारेवरून पोर्थकॉलच्या खाणकामगार महोत्सवात गायन केले. सभागृहातून ट्रिऑर्कीच्या वृंदाने त्यांना गाऊन उत्तर दिले.

या वृंदांच्या गायनसंचात 'मिवानवी' हे गीत हमखास असते. ते रचणारे जोसेफ पॅरी मर्थर टिडफिलचे; लहानपणी ते स्वतः खाणीत राबले होते.

१९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपानंतर खाणी झपाट्याने बंद झाल्या. ऱ्होंडातली शेवटची मार्डी खाण १९९० मध्ये थांबली. वृंदे मात्र गात राहिली. आता त्यांत शिक्षक, कारकून, निवृत्त माणसे असतात. नव्या माणसांत उंच आवाजाचा पहिला टेनर मिळणे सर्वांत कठीण, आणि वय वाढले की हाच आवाज आधी खाली येतो. अशा वेळी पहिला टेनर दुसऱ्या गटात बसवतात, दुसऱ्यातला बॅरिटोनमध्ये सरकतो आणि बास दाट होत जातो.