क्वांटम फोटॉनिक्स आणि प्रकाशीय संगणनातील संशोधन

प्रकाशाच्या साहाय्याने माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या दोन शेजारी संशोधनशाखा. प्रकाशीय संगणनात लेसरचा प्रखर प्रकाश वापरतात आणि त्याच्या तीव्रतेत किंवा कलेत (तरंग आपल्या चक्रात कुठवर आला आहे त्यात) आकडे भरून गणित करतात. क्वांटम फोटॉनिक्समध्ये एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, हाताळला जातो, किंवा ज्याच्या एका राशीतली अनिश्चितता मुद्दाम कमी केली आहे असा संकुचित प्रकाश वापरला जातो. दोन्ही शाखांची उद्दिष्टे निराळी आहेत आणि त्यांतली माणसेही बराच काळ निराळी होती. अलीकडे मात्र दोघे जवळजवळ सारख्याच चिपवर काम करताना दिसतात. याचे मूळ एका समान अडचणीत आहे : दोन प्रकाशकिरण एकमेकांना छेदतात आणि एकमेकांवर काहीही परिणाम न करता पुढे निघून जातात.

संदेशवहनासाठी हा गुण फार मोलाचा आहे. त्याच्याच बळावर एका काचतंतूतून वेगवेगळ्या तरंगलांबीचे अनेक संदेश एकाच वेळी न मिसळता धावतात. गणनेसाठी मात्र एका संकेताने दुसऱ्याला अडवावे किंवा सोडावे लागते. ट्रान्झिस्टर हेच करतो. इलेक्ट्रॉनावर विद्युत भार असल्याने त्याला ते सहज जमते, फोटॉनावर भार नाही. काही स्फटिकांत एक प्रकाशकिरण दुसऱ्यावर थोडा परिणाम करतो, पण एकेका फोटॉनाच्या पातळीवर तो परिणाम अतिशय क्षीण असतो. या क्षेत्रातल्या बहुतेक मोठ्या शोधांकडे या अडचणीला घातलेला वळसा म्हणून पाहिले, की त्यांचा परस्परसंबंध नीट कळतो.

भिंगाचे गणित : पहिला वळसा असा, की प्रकाशाला निर्णय घ्यायला लावायचेच नाहीत, फक्त बेरजा करायला लावायच्या. व्यतिकरणात, म्हणजे तरंग एकमेकांवर पडतात तेव्हा, त्यांची बेरीज-वजाबाकी आपोआप होते. साध्या भिंगाच्या एका नाभीप्रतलात चित्र ठेवले, तर दुसऱ्या नाभीप्रतलात त्या चित्राचे फूर्ये रूपांतर, म्हणजे ते कोणत्या बारीक-मोठ्या तरंगांपासून बनले आहे त्याची मांडणी, उमटते आणि त्याला प्रकाश भिंगातून जाण्याइतकाच वेळ लागतो. विमानातून घेतलेल्या रडारच्या नोंदी फिल्मवर उतरवून भिंगांच्या साहाय्याने त्यांतून जमिनीचे सुस्पष्ट चित्र काढण्याचे काम मिशिगन विद्यापीठाशी संबंधित गटाने 1950 आणि 1960 च्या दशकांत केले. त्या काळच्या अंकीय संगणकांना ते काम झेपणारे नव्हते. याच परिसरात एमेट लीथ आणि युरिस उपात्निएक्स यांनी लेसर होलोग्राफी पुढे नेली आणि 1964 मध्ये अँथनी व्हँडर लुग्ट यांचा चित्रातला ठरावीक आकार हुडकणारा प्रकाशीय गाळक प्रसिद्ध झाला. 1978 मध्ये जोसेफ गुडमन आणि सहकाऱ्यांनी सदिश (आकड्यांची ओळ) आणि आव्यूह (आकड्यांचा तक्ता) यांचा गुणाकार प्रकाशाने कसा करावा ते दाखवले. आज कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी बनणाऱ्या प्रकाशीय चिपांमागची मूळ कल्पना हीच आहे.

दुसरी वाट प्रकाशाचा ट्रान्झिस्टर बनवण्याची होती. बेल प्रयोगशाळेत डेव्हिड मिलर आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात अर्धसंवाहकांच्या अतिपातळ थरांपासून प्रकाशानेच चालू-बंद होणारे स्विच तयार केले. त्यांवर आधारलेला प्रायोगिक प्रकाशीय संस्करक (प्रोसेसर) अ‍ॅलन हुआंग यांच्या गटाने 1990 मध्ये जगापुढे ठेवला. त्याचा गाजावाजा मोठा झाला, पण सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर दरवर्षी लहान, स्वस्त आणि वेगवान होत गेले आणि प्रकाशीय स्विच मागे पडले. मिलर यांनीच 2010 मध्ये एका लेखात प्रकाशीय ट्रान्झिस्टरला कोणत्या कसोट्या पार कराव्या लागतील ते मांडले : एका स्विचचा निर्गत संकेत पुढच्या स्विचला थेट चालवू शकला पाहिजे, एकाने निदान दोघांना चालवले पाहिजे, वाटेत मळलेला संकेत प्रत्येक टप्प्यावर पुन्हा स्वच्छ झाला पाहिजे, इत्यादी. ज्या संशोधकाने आयुष्यातली महत्त्वाची वर्षे प्रकाशीय स्विचांना दिली त्यानेच इतक्या सडेतोडपणे त्यांच्या मर्यादा सांगाव्यात, हे विज्ञानातल्या प्रामाणिकपणाचे उत्तम उदाहरण आहे. नवीन प्रकाशीय स्विचच्या दाव्याकडे पाहताना ही यादी हाताशी ठेवावी.

व्यतिकरणमापकांची जाळी : दोन अर्धपरावर्ती आरसे आणि त्यांच्यामध्ये कला बदलण्याची सोय असलेला व्यतिकरणमापक म्हणजे दोन मार्गांतला प्रकाश हव्या त्या प्रमाणात वाटणारे एकक. अशी पुरेशी एकके जाळीसारखी जोडली, तर कोणतेही एकिक आव्यूह (एकूण प्रकाश न वाढवता-घटवता तो मार्गांत वाटणारा तक्ता) प्रत्यक्षात उतरवता येते, हे मिखाएल रेक, आंतोन त्सायलिंगर आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये सिद्ध केले. 2017 मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या गटाने 56 व्यतिकरणमापकांच्या सिलिकॉन चिपवर चेताजाल (उदाहरणांवरून शिकणारी गणनपद्धती) चालवून बोललेले स्वर ओळखून दाखवले. अचूकता सुमारे 77 टक्के आली. तेच जाल नेहमीच्या संगणकावर सुमारे 92 टक्के अचूक होते. या पंधरा टक्क्यांत या शाखेच्या अडचणी दिसतात. प्रकाशातला आकडा अंकीय नसतो, सदृश असतो, त्यामुळे कलेतली बारीक चूक उत्तरात उतरते. कला बदलण्यासाठी चिपवर सूक्ष्म तापके असतात आणि एकाची ऊब शेजारच्याला लागते. शिवाय आकडे प्रकाशात भरण्याला आणि पुन्हा विद्युत संकेतांत आणण्याला ऊर्जा लागते ती निराळीच. गुणाकार जवळपास फुकट होतो, खर्च सगळा दारावर होतो. म्हणून प्रकाशीय चिपच्या ऊर्जाबचतीचे आकडे वाचताना हा दारावरचा खर्च त्यांत धरला आहे का, हे आधी पाहावे. निराळ्या वाटेने जाणाऱ्यांत लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे आयदोगान ओझजान यांचा गट आहे. त्यांनी 2018 मध्ये त्रिमितीय मुद्रणाने घडवलेल्या थरांतून टेराहर्ट्झ लहरींचे (अवरक्तापेक्षा लांब लहरींचे) विवर्तन, म्हणजे वाकून पसरणे, घडवून हस्तलिखित अंक ओळखले.

एकेक फोटॉन : क्वांटम फोटॉनिक्सची सुरुवात सत्येंद्रनाथ बोस यांच्या 1924 च्या निबंधापर्यंत मागे नेता येते. सारखे फोटॉन एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत असे धरून मोजणी केली, तरच तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाबद्दलचा प्लांक यांचा प्रारणनियम मिळतो, हे त्यांनी दाखवले. या मोजणीचा अतिशय सुंदर परिणाम 1987 मध्ये रोचेस्टर विद्यापीठात होंग, ओऊ आणि मँडेल यांच्या प्रयोगात दिसला. हुबेहूब सारखे दोन फोटॉन एकाच क्षणी अर्धपरावर्ती आरशावर दोन बाजूंनी आले, तर ते नेहमी एकत्रच, एकाच बाजूने बाहेर पडतात. त्यांनी एकमेकांना ढकललेले नसते की ओढलेले नसते. वेगळे होण्याचे दोन संभाव्य मार्ग व्यतिकरणाने एकमेकांना खोडतात, एवढेच. आजही फोटॉनांचा नवा स्रोत किती चांगला आहे, हे याच प्रयोगाने तपासतात.

यावर संगणक उभा राहू शकतो, हे 2001 मध्ये इमॅन्युएल निल, रेमंड लाफ्लाम आणि जेरार्ड मिलबर्न यांनी मांडले. फोटॉनांची परस्परक्रिया नसली तरी चालेल. आरसे, एकेक फोटॉनांचे स्रोत, शोधक आणि मोजणीच्या निकालावरून पुढची रचना बदलण्याची सोय पुरेशी आहे. किंमत एवढीच, की क्रिया दर वेळी यशस्वी होत नाही. त्यांच्या आराखड्यातले दोन क्युबिटांचे (क्वांटम माहितीच्या एककांचे) मूळ द्वार, म्हणजे त्यांवरची प्राथमिक क्रिया, सोळांत एकदाच साधते. त्याच वर्षी रॉबर्ट राउसेनडोर्फ आणि हान्स ब्रीगेल यांनी आधी परस्परांत गुंतलेल्या (मोजणीचे निकाल एकमेकांशी जोडलेले असणाऱ्या) क्युबिटांचे मोठे जाळे तयार करायचे आणि मग फक्त मोजण्या करत गणना पुढे न्यायची, ही पद्धत सुचवली. 2005 मध्ये डॅनियल ब्राउन आणि टेरी रुडॉल्फ यांनी लहान जाळी जोडून मोठी करण्याची ‘सांधणी’ मांडली. साध्या रूपात ती निम्म्या वेळाच जमते, पण फसल्याचे लगेच कळते, त्यामुळे पुन्हा प्रयत्न करता येतो.

प्रयोगात हे सारे सुरुवातीला मोठ्या टेबलांवर शेकडो आरसे जुळवून होत असे. 2008 मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या जेरेमी ओब्रायन यांच्या गटाने ते चिपवरील काचेच्या तरंगमार्गदर्शकांत (प्रकाश वाहून नेणाऱ्या वाटांत) आणले. पुढे सिलिकॉन आले. दूरसंचारात वापरल्या जाणाऱ्या 1550 नॅनोमीटरच्या फोटॉनाची ऊर्जा सुमारे 0.8 इलेक्ट्रॉन व्होल्ट असते आणि सिलिकॉनचे ऊर्जांतर (ज्याहून कमी ऊर्जेचा प्रकाश तो शोषत नाही ती मर्यादा) 1.1, म्हणून या प्रकाशाला सिलिकॉन पारदर्शक आहे. त्याचा वक्रीभवनांक सुमारे 3.5 असल्याने अर्धा मायक्रोमीटर रुंदीच्या वाटेत प्रकाश कोंडून अगदी लहान वळणे देता येतात.

हरवणारे फोटॉन : या संशोधकांशी कामाबद्दल बोलणे काढले, की ते लवकरच ऱ्हासावर, म्हणजे वाटेत फोटॉन हरवण्यावर, येते. प्रखर प्रकाश क्षीण झाला तर तो वाढवता येतो. एकट्या फोटॉनाची अज्ञात क्वांटम अवस्था मात्र नक्कल करता येत नाही, हे 1982 मध्ये सिद्ध झाले आहे. हरवला तो हरवला. प्रत्येक फोटॉन वाचण्याची शक्यता 90 टक्के असली, तर 50 फोटॉन सगळेच्या सगळे पोचण्याची वेळ हजारात पाचदाच येते. उत्तम काचतंतूतही दर किलोमीटरला सुमारे साडेचार टक्के प्रकाश जातो आणि चिपवरून तंतूत शिरताना होणारी गळती अनेकदा त्याहून मोठी असते. स्रोतांचीही अडचण आहे. स्फटिकात एका फोटॉनाचे दोन करणारी नेहमीची पद्धत यादृच्छिक आहे, म्हणून असे अनेक स्रोत समांतर चालवून ज्यातून फोटॉन आला त्याचाच घ्यावा लागतो. पास्काल सेनेलार यांच्यासारख्या संशोधकांनी क्वांटम बिंदूंमधून (अर्धसंवाहकाच्या अतिसूक्ष्म कणांमधून) मागणीबरहुकूम एकेक फोटॉन मिळवण्यावर भर दिला आहे. शोधकांची बाजू मात्र खूप सुधारली. मॉस्कोतल्या गटाने 2001 मध्ये अतिसंवाहक सूक्ष्मतारेचा शोधक दाखवला आणि 2013 पर्यंत अशा शोधकांची कार्यक्षमता 93 टक्क्यांवर गेली. त्यासाठी तार निरपेक्ष शून्याच्या काही अंशांच्या आत थंड ठेवावी लागते. ‘प्रकाशाचा क्वांटम संगणक खोलीच्या तापमानाला चालतो’ हे विधान म्हणूनच अर्धेच खरे आहे.

डिसेंबर 2020 मध्ये चीनमधील हफेई येथील फान च्यान-वेई आणि लू छाओ-यांग यांच्या गटाने ‘च्यूचांग’ यंत्रात 100 मार्गांच्या व्यतिकरणमापकातून एका वेळी 76 पर्यंत फोटॉन टिपले. स्कॉट आरॉन्सन आणि अ‍ॅलेक्स अर्खिपोव्ह यांनी 2011 मध्ये सुचवलेल्या बोसॉन नमुनाचयनाचाच (फोटॉन जाळीत सोडून ते कुठे बाहेर पडतात याचे नमुने घेण्याचा) हा एक प्रकार. महासंगणकाला कोट्यवधी वर्षे लागतील ते 200 सेकंदांत झाले, असा त्यांचा दावा होता. 2024 मध्ये शिकागो विद्यापीठाशी निगडित सिद्धांतकांनी प्रयोगात हरवणाऱ्या फोटॉनांचाच फायदा घेऊन अशा प्रयोगांची नक्कल नेहमीच्या संगणकावर करणारी रीत प्रसिद्ध केली. ऱ्हास जितका जास्त, तितके उरलेल्या प्रकाशातले क्वांटमपण कमी आणि तितकी नक्कल सोपी. ही चढाओढ क्षेत्राला पोषक आहे. तिच्यामुळे फोटॉनांच्या संख्येबरोबर त्यांच्या दर्जाचाही विचार करावा लागतो.

या कामात लेसरवर हात बसलेले प्रयोगकर्ते, चिपचे आराखडे काढणारे अभियंते, स्वच्छ कक्षात थर चढवणारे आणि कोरणारे प्रक्रियातज्ज्ञ, अतिशीत तंत्राचे जाणकार आणि त्रुटी-सुधारणेचे गणित करणारे सिद्धांतक एकत्र लागतात. आराखडा कारखान्यात पाठवल्यापासून चिप हातात येईपर्यंत महिने जातात, त्यामुळे एक चुकलेले वळण संशोधक-विद्यार्थ्याचे अर्धे वर्ष खाऊ शकते. विद्यापीठांतून निघालेल्या कंपन्यांनी या कामाला मोठे प्रमाण दिले. ओब्रायन, रुडॉल्फ आणि सहकाऱ्यांची सायक्वांटम अर्धसंवाहक कारखान्यातच क्वांटम चिप बनवण्याच्या मागे आहे. टोरोंटोच्या झनाडू कंपनीने जानेवारी 2025 मध्ये ‘ऑरोरा’ हे यंत्र मांडले. त्यात 35 चिप, 13 किलोमीटर काचतंतू आणि 12 क्युबिट आहेत. मुख्य भर वेगवेगळे भाग तंतूंनी जोडून यंत्र वाढवत नेता येते, हे दाखवण्यावर होता. त्रुटींवर मात करून चालणाऱ्या संगणकासाठी घटकांमधला ऱ्हास बराच खाली यावा लागेल, हे त्या गटाने स्वतःच नमूद केले. सिलिकॉन नायट्राइडचे कमी गळणारे मार्ग, लिथियम नायोबेट आणि बेरियम टायटॅनेटचे जलद स्विच आणि चिप व तंतू यांच्यातला सांधा यांवरचे सध्याचे काम त्याच दिशेने चालू आहे.