काटा आणि ऊसबिल: साखर कारखान्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या एका वादाची पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूस पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत नवी संगणक प्रणाली घ्यायचा विषय निघाला की चर्चा एका जागी अडते. शेतकी (ऊसनोंद आणि तोडणी), काटा (गाडीचे वजन), ऊसबिल आणि हिशेब एकाच प्रणालीत ठेवायचे, की तोडून वेगळे करायचे?

हा प्रश्न जुना आहे. मोठे सॉफ्टवेअर वेळेत आणि धड होत नाही, ही तक्रार १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिशच्या परिषदेत उघडपणे मांडली गेली. १९७२ मध्ये एका संगणकशास्त्रज्ञाने त्यावर नेमका उपाय सुचवला: कामाच्या पायऱ्या बघून तुकडे पाडू नका, जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एका तुकड्याच्या आत झाकून ठेवा.

कारखान्यांचे प्रोग्रॅम फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालायचे, त्या काळात हे कुणी पाळले नाही. सभासद, ऊसनोंद, वजन, दर सगळे डीबीएफ या फॉक्सप्रोच्या डेटा फायलींत, आणि कुठलाही प्रोग्रॅम कुठलीही फाइल थेट उघडणार. एका फायलीत रकाना वाढवला की तीन विभागांचे रिपोर्ट तपासत बसायचे. वीज गेली की इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची, बिघडायचा. फाइलला दोन जीबीची मर्यादा होतीच. २००७ मध्ये फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती निघणार नाही असे जाहीर झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला सपोर्टही संपला. त्याच्या जागी आलेल्या ईआरपीत, म्हणजे सगळे विभाग जोडणाऱ्या एकत्रित प्रणालीत, डेटाबेस दणकट होता, पण एकमेकांच्या टेबलांत हात घालायची खोड तशीच राहिली.

त्याच सुमारास, २०१४ पासून, मायक्रोसर्व्हिसेसचा बोलबाला झाला: प्रत्येक काम स्वतंत्र सेवा, प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा. शेकडो प्रोग्रॅमर असलेल्या कंपन्यांना ते मानवते. कारखान्यातल्या चार-पाच माणसांच्या ईडीपी (संगणक) विभागाला दहा सेवा, त्यांचे आपसातले निरोप आणि मध्येच तुटणारे नेटवर्क सांभाळायला लावणे चुकीचे आहे. वेगळा हवा तो काटा. नेटवर्कची लाइन बंद पडली तरी गाडीचे भरलेले आणि रिकामे वजन होऊन पावती निघालीच पाहिजे. नाहीतर गव्हाणीपर्यंत, म्हणजे ऊस उतरवायच्या जागेपर्यंत, ट्रॅक्टरची रांग लागते. बाकीचे एकाच प्रणालीत राहू द्यावे, पण आतल्या भिंती पक्क्या असाव्यात.

भिंत कुठे घालायची हे ऊसदराच्या इतिहासात दिसते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. २००९ मध्ये किमान दर जाऊन एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर, आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने ती दोन टप्प्यांत द्यायला मुभा दिली: पहिला हप्ता आधी ठरवलेल्या उताऱ्यावर (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीवर), उरलेली रक्कम हंगाम संपल्यावर प्रत्यक्ष उताऱ्याप्रमाणे. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. एवढ्या काळात खेपेचे वजन ठरवायची रीत तीच राहिली. हलला तो दर आणि हप्ता. ज्या प्रणालीत दराचे गणित पावतीच्या टेबलाशी बांधलेले असते, तिथे असा प्रत्येक आदेश थेट काट्यापर्यंत जाऊन भिडतो आणि ऐन हंगामात काट्याचा प्रोग्रॅम उघडावा लागतो. दर, उतारा आणि हप्ते ऊसबिलाच्या आत झाकले, तर काट्याकडून फक्त पावती क्रमांक, सभासद, प्लॉट, उसाची जात आणि निव्वळ वजन पुढे जाते.

सोसायटीच्या कर्जाची वसुली आणि तोडणी-वाहतुकीचे ॲडव्हान्स बिलात कापायचे की हिशेबात, यावर मात्र शेतकी आणि अकाउंट्स विभागांचे अजून जुळलेले नाही.