नगरसेवकांविना नागपूर

मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढच्या मतदानाला १५ जानेवारी २०२६ उजाडलं. मधल्या काळात महापौर नाही, स्थायी समिती नाही, प्रभागात गडरलाइन तुंबली तर हक्काने दार ठोठवायला नगरसेवक नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नाग नदीचं पाणी अंबाझरी परिसरातल्या घरांत शिरलं, तेव्हाही शहर राज्याने नेमलेल्या प्रशासकाच्याच हाती होतं. वास्तविक राज्यघटनेचं कलम २४३-यू स्पष्ट आहे: मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि नवी निवडणूक मुदत संपायच्या आत.

मग असं झालं कसं? केंद्र आणि राज्य यांना अधिकार थेट घटनेतून मिळतात. महापालिकेला ते राज्याच्या कायद्यातून मिळतात, कारण स्थानिक शासन हा राज्यसूचीतला विषय. १९९३ मध्ये लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने तिला अस्तित्वाची हमी दिली, बाराव्या अनुसूचीत १८ विषयही मांडले. पण त्यातले किती सोपवायचे हे विधिमंडळावर सोडलं. यादीतला पहिलाच विषय नगररचना. नागपुरात त्यासाठी १९३६ च्या कायद्याने आलेला सुधार प्रन्यास, म्हणजे महापालिकेपेक्षा वेगळी संस्था आहे. तो बरखास्त करायचं ठरलं, मग ते फिरलंही, आणि दोन्ही वेळा निर्णय राज्य सरकारचा.

पैशाचंही तेच. २०१३ मध्ये जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला. आता त्या जागी राज्याकडून येणारं जीएसटीचं अनुदान.

निवडणूक अडकली ती दोन ठिकाणी. ओबीसी आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये स्वतंत्र आयोग आणि आकडेवारीची अट घातली. राज्याकडे ती तयार नव्हती. दुसरीकडे प्रभागांचा खेळ: २०१७ ला ३८ प्रभाग, १५१ जागा. मग एका सरकारने तीनसदस्यीय पद्धतीत, म्हणजे एका प्रभागातून तीन नगरसेवक, ५२ प्रभाग, १५६ जागा केल्या. सत्ता बदलली, ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा जुनं गणित. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला लावल्या.

दरम्यान अंदाजपत्रकाचं काय झालं, हे बघण्यासारखं आहे. एरवी आयुक्त ते मांडतात, स्थायी समिती त्यात काटछाट करते, मग सभा मंजुरी देते. प्रशासक राजवटीत मांडणारे आणि मंजूर करणारे एकच, आणि त्यांची नेमणूक राज्याची. कागदावर सगळं नियमात!

वरच्या सरकारने शहराचं गणित बदलणं कॅनडात आणखी उघडपणे घडलं. २०१८ मध्ये टोरांटोत प्रचार सुरू असताना ओंटारिओ प्रांताने प्रभाग ४७ वरून २५ वर आणले, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ते मान्य केलं. जर्मनीत मात्र स्वशासनाचा हक्क डावलला गेला, तर नगरपालिका स्वतः घटना न्यायालयात जाऊ शकते.

नागपूरचं सभागृह आता पुन्हा निवडून आलं आहे. पण महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत मुंबईला मंत्रालयात निघते, महापौराची मुदत अडीच वर्षं, आणि आयुक्तांच्या बदलीचा आदेशही तिथूनच येतो.