वाघ दिसला तर टिप, बाळ वाचलं तर अडीचशे

ताडोबाच्या मोहर्ली गेटमधून सकाळच्या सफारीच्या जिप्सी बाहेर येतात तेव्हा कोणाला वाघ दिसला आणि कोणाला नाही हे गाईडच्या चेहऱ्यावरूनच कळते. वाघ दिसला असला की पाहुणे खुश, एकमेकाला फोटो दाखवणं चालू, आणि उतरता उतरता गाईडच्या, ड्रायव्हरच्या हातात नोटा. नाही दिसला तर लोकं गुपचूप उतरतात आणि रिसॉर्टकडे निघतात. आता पहा, गाईड दोन्ही दिवशी तोच. सांबराचा कॉल कुठून आला, पंजाचा ठसा आत्ताचा की रात्रीचा, गाडी कुठं बंद करून थांबायचं, हे सगळं तो दोन्ही दिवशी तेवढंच जीव लावून करते. वाघ रस्त्यावर येईल की बांबूत पडून राहील हे त्याच्या हातात नाही, पण त्याची त्या दिवशीची वरची कमाई मात्र वाघ दिसण्यावरच. आणि ज्या वनमजुरानं उन्हाळ्याआधी वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढली, पाणवठे कोरडे पडू दिले नाहीत, वणवा लागला तर झाडाच्या फांद्या घेऊन धावला, तो तर गेटवर उभाच नसतो, त्याला टिप देणार कोण?

टिप म्हणजे चांगल्या कामाचं बक्षीस असं आपण धरून चालतो. अमेरिकेत यावर लय अभ्यास झाला, कारण तिकडं हॉटेलातल्या वेटरचं अर्धं पोट टिपवरच चालते. तिथं टिप भेटणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायचा किमान पगार, म्हणजे केंद्राच्या कायद्यातला, तासाला २.१३ डॉलर आहे आणि तो १९९१ पासून हललेला नाही, बाकीचं गिऱ्हाईक देईल असा हिशेब. कॉर्नेल विद्यापीठाचे मायकल लिन यांनी याच विषयात उभी हयात घातली. त्यांनी २००० साली बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तर गिऱ्हाइकाला सर्व्हिस किती चांगली वाटली आणि त्यानं टिप किती दिली याचा संबंध निघाला, पण इतका बारीक की टिपेतल्या कमीजास्तपणाचा २ टक्केही उलगडा त्यातून होत नव्हता. बाकी सगळं बिल किती झालं, रिवाज काय, असल्या गोष्टींवर. १९९६ च्या एका प्रयोगात बिलाच्या मागं वेटरनं हसरा चेहरा काढला तर बाईला टिप वाढून भेटली, पुरुषानं तोच चेहरा काढला तर काहीच वाढ नाही. जेवण तेच, सर्व्हिस तीच.

टिप तर वरची गोष्ट झाली, मग पगाराचं काय, मजुरीचं काय? तिथं तरी कामाच्या मोलाप्रमाणं पैसे भेटतात का?

अर्थशास्त्रातला हा जुना गुंता आहे. अॅडम स्मिथनं १७७६ मध्येच विचारून ठेवलं होतं की पाण्याशिवाय माणूस मरते तरी ते फुकटाच्या भावात, आणि हिरा काही कामाचा नाही तरी एवढा महाग, हे कसं? याचं पटेल असं उत्तर यायला जवळपास १०० वर्षं लागली. १८७१ मध्ये इंग्लंडचे जेव्हन्स आणि ऑस्ट्रियाचे मेंगर, मग १८७४ मध्ये वालरास, तिघांनी आपापल्या वाटेनं तेच सांगितलं की भाव एकूण उपयोगावर ठरत नाही, आणखी एक नग आला किंवा गेला तर किती फरक पडते त्याच्यावर ठरते. मजुरीलाही तेच लागू. सगळ्याच निंदणाऱ्या बाया उद्या बंद झाल्या तर गावातलं पीक तणात जाईल, पण मालक कधीच सगळ्या बायांची मजुरी एकदम ठरवत नाही. तो एका बाईला विचारते, आणि ती नाही म्हणली तर दुसरी भेटेल का एवढंच पाहते. म्हणून मजुरी म्हणजे "तुझ्या जागी दुसरं कोणी भेटते का" या प्रश्नाचं उत्तर आहे. तुझ्या कामानं समाजाचं किती भलं होते हा प्रश्न तिथं कोणी विचारलेलाच नसतो.

माझ्या मते हे एवढं एक वाक्य नीट समजलं तर आपल्या इकडच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात.

जिल्हा परिषदेच्या शाळेत नवीन गुरुजी येतात ते पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून. प्राथमिकला महिना ६,००० रुपये होते, ते २०२३ मध्ये १६,००० केले. तीन वर्षं झाली की तोच माणूस, तोच वर्ग, तीच पोरं, तोच फळा, आणि पगार एकदम वेतनश्रेणीत, कितीतरी जास्त. एका रात्रीत पोरांच्या शिकण्याचं मोल वाढलं का? आंध्रात तर यावर प्रयोगच झाला, १०० सरकारी शाळांना चिठ्ठी टाकून एक एक जादा कंत्राटी शिक्षक दिला आणि दोन वर्षं पोरांच्या परीक्षा घेतल्या. पोरांचं शिकणं सुधारलं, आणि हे कंत्राटी शिक्षक पर्मनंटपेक्षा कुठंच कमी पडले नाहीत, उलट गैरहजरी त्यांची कमी, २७ च्या जागी १८ टक्के. पगार मात्र पर्मनंटचा पाच पट. यावरून पर्मनंटचा पगार कमी करा असं कोणी म्हणू नये, मी तर अजिबात म्हणत नाही. डीएड, बीएड करून बसलेल्या पोरांची गावोगाव रांग आहे म्हणून सरकारला १६,००० मध्येही माणूस भेटते, एवढाच त्याचा अर्थ.

आता जिवाच्या धोक्याचं घ्या. स्मिथनंच असंही लिहून ठेवलं की घाणीचं, धोक्याचं, नकोसं काम असेल तर त्याला पैसे जास्त पडतील, नाहीतर ते करायला कोण येईल? ऐकायला एकदम बरोबर वाटते. पण २०१७ आठवा. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागत होती, हवा दमट, अळी आणि मावा आवरत नव्हता, दुकानदारानं दोन तीन औषधं मिसळून दिलेली, आणि फवारणारा त्या उंच पऱ्हाटीत घुसला की फवारा त्याच्याच तोंडावर, छातीवर. मास्क नाही, हातमोजे नाही, बनियन ओलं झालं तर तेच घालून दुसरा पंप. लोकं उलट्या करत, डोळ्यापुढं अंधारी घेऊन दवाखान्यात आले आणि जिल्ह्यात २० च्या आसपास शेतकरी, शेतमजूर दगावले. एवढ्या धोक्याची मजुरी वेगळी भेटली का कोणाला? निंदण-खुरपणापेक्षा चार पैसे जास्त असतील, पण जिवाचे पैसे त्यात कुठंच नव्हते.

स्मिथचं गणित चुकते का? गणित बरोबर आहे, पण त्याच्या दोन अटी आहेत, धोका माहीत पाहिजे आणि नाही म्हणायची सोय पाहिजे. डब्यावरची बारीक इंग्रजी कोण वाचते, आणि वाचली तरी घरी चूल पेटवायची आहे. मेलेलं जनावर ओढणं, गटारात उतरणं, ही कामं तर स्मिथच्या हिशेबानं सगळ्यात महाग पाहिजे होती, आपल्याकडं ती पिढ्यान् पिढ्या सगळ्यात स्वस्त राहिली, कारण ज्यांच्यावर ती लादली त्यांना दुसरं काम करूच दिलं नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगितलं की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. मजुरीचा बाजार, मागणी-पुरवठा हे सगळं त्याच्यानंतर सुरू होते.

बायांचं तर वेगळंच. एकाच वावरात, एकाच उन्हात, सकाळी त्याच टायमाला आलेल्या, आणि संध्याकाळी माणसाची रोजी वेगळी, बाईची वेगळी. विचारलं की म्हणतात माणसाचं काम जड. मग कापूस वेचायला माणूस काहून जात नाही? कमरेला फडक्याची झोळी बांधून वाकून एक एक बोंड सोडवायचं, वाळलेल्या पाकळीची टोकं नखाच्या बाजूला रुतून बोटं चिरतात, तरी हात थांबवता येत नाही कारण पैसे किलोवर. एका क्विंटलचा हिशेब करून पहा, किलोला १० रुपये धरले तर वेचणीचे झाले १,००० आणि २०२४-२५ मध्ये मध्यम धाग्याचा हमीभाव होता ७,१२१. ते हजार रुपये एका बाईला एका दिवसात भेटत नाहीत, क्विंटलभर कापूस एक बाई एका दिवसात वेचूच शकत नाही. अमेरिकेतल्या १९५० ते २००० च्या जनगणनेचे आकडे घेऊन २००९ मध्ये काही समाजशास्त्रज्ञांनी दाखवलं की एखाद्या धंद्यात बाया वाढल्या की पुढच्या काळात त्या धंद्याचा पगारच खाली येते, शिक्षण-कौशल्य सारखं धरूनही. म्हणजे आधी काम हलकं आणि म्हणून बाया, असं नाही. बाया आल्या म्हणून कामाला हलकं धरलं.

मग कामाचं खरं मोल मोजताच येत नाही का? येते, आणि ते आपल्याच गडचिरोलीत मोजलं गेलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांतल्या थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळ सांभाळायचं शिकवलं. वजन कसं घ्यायचं, ऊब कशी टिकवायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, आणि लागलं तर अँटिबायोटिकचं इंजेक्शनही. शेजारच्या ४७ गावांत हे केलं नव्हतं, तिथले आकडे तुलनेला. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचं मरण्याचं प्रमाण त्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी खाली आलं, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं. पुढं २०११ मध्ये हीच पद्धत देशभर आशाताईंच्या कामात घातली.

आशाताई बाळंतिणीच्या घरी येते तेव्हा काय करते ते जवळून पाहिलं पाहिजे. आधी साबणानं हात धुते. बाळाला झोळीत घालून काट्यावर वजन. काखेत थर्मामीटर. मग अंगावरचं कापड थोडं बाजूला करून घड्याळ हातात घेते आणि एक मिनिट नुसती पोटाकडं पाहत बसते, श्वास मोजते. ६० च्या वर गेले तर परत मोजते, परत ६० च्या वर तर गाडी बोलवा. घरातली म्हातारी म्हणत असते की काही नाही झालं बाळाला, झोपू द्या, आणि ही बाई तिला न दुखावता, न चिडता समजावते की मावशी आत्ताच न्यावं लागेल. बाळंतपण दवाखान्यात झालं असलं तर ४२ दिवसांत अशा ६ भेटी, घरी झालं तर ७, आणि त्या सगळ्या मिळून मोबदला २५० रुपये. भेटीमागं ४२ रुपयेसुद्धा नाही.

हे एवढं कमी काहून? बाळ तर पैसे देऊ शकत नाही, जे मरण टळलं ते कोणाला दिसत नाही म्हणून त्याची कोणी टिपही देत नाही, आणि हे काम विकत घेणारं गिऱ्हाईक सगळ्या गावात एकच, सरकार. अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये मांडलं होतं की काम देणारा एकटाच असला तर मजुरी कामाच्या मोलापेक्षा खाली राहते, कारण कामगाराला जायला दुसरं दारच नसते. त्यात आशाताईला कागदावर कर्मचारी धरलंच नाही, ती स्वयंसेविका, म्हणून किमान वेतनाचा प्रश्नच काढून टाकला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या १० लाखांच्या आसपास आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. चांगलं झालं, पण मोबदल्याच्या कागदावर त्या स्वयंसेविकाच राहिल्या.

मग मजुरी वाढते तरी कशानं? दुसरं दार उघडलं की. महाराष्ट्रानं १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं काढली, १९७७ मध्ये कायदा केला, देशानं तो २००५ मध्ये घेतला. इम्बर्ट आणि पॅप या अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये दाखवलं की जिथं ही योजना आधी आली तिथं कोरड्या महिन्यांत खासगी मजुरीही ५ टक्क्यांच्या आसपास वाढली, म्हणजे जी बाई रोहयोवर गेलीच नाही तिलाही फायदा, कारण आता ती "नाही परवडत" म्हणू शकत होती. ओडिशातल्या खेड्यांत दुसरा एक प्रयोग झाला. मजुराला एकट्यात गाठून चालू भावापेक्षा कमीत काम विचारलं तर काही जण तयार झाले, शेजाऱ्यांदेखत विचारलं तर जवळजवळ कोणीच नाही. गावाची अशी न बोललेली एकी असते आणि ती गरिबाची ढाल आहे.

आपल्याकडं ती सोयाबीनच्या सोंगणीत दिसते. सगळ्यांच्या शेंगा एकदमच वाळतात, वरून ढग, दोन दिवस उशीर झाला तर शेंगा तडकून दाणे वावरात, तेव्हा टोळीवाली बाई एकराचा भाव सांगते आणि कास्तकाराला तो द्यावा लागते. त्या दिवसांत पारावर बसून लोकं म्हणतात मजूर माजले. मला हे बोलणं अजिबात पटत नाही. कास्तकाराची ओढाताण खरी आहे, २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बऱ्याच जणांनी त्याच्या खालीच विकलं, त्यालाही त्याच्या कष्टाचं मोल कोणी देत नाही. पण वर्षभर जिला दुसरी भेटेल म्हणून दाबलं तिनं ते पंधरा दिवस दुसरी भेटणार नाही म्हणून भाव मागितला तर तिनं तुमचाच नियम वापरला.

आशाताईंनीही तेच केलं. २०२३ च्या शेवटी संप, २०२४ च्या सुरुवातीला परत संप, गडचिरोली-यवतमाळच्या बाया पोरंबाळं घरी ठेवून मुंबईला मैदानात बसल्या, तेव्हा मार्चमध्ये राज्य सरकारनं महिन्याला ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. संपाच्या आधी आणि नंतर त्या श्वास तेवढेच मोजत होत्या.