मिठाला पाणी सुटलं की गाडीखाली वाकायचं

जूनचा दुसरा आठवडा उजाडला की आई मिठाच्या बरणीत तांदळाचे दहा-वीस दाणे टाकते आणि मी खाली जाऊन गाडीच्या दारांच्या तळाशी असलेली भोकं तारेने साफ करतो. ही दोन्ही कामं एकाच कारणासाठी करायची असतात, हे कळेपर्यंत बरीच वर्षं गेली आणि एक दार कुजलं.

आमची इमारत माहीमची. खिडकीतून समुद्र दिसत नाही (दिसला असता तर आम्हाला ती परवडलीच नसती), पण पश्चिमेचा वारा सुटला की तो जवळच आहे हे नाकाला कळतं. लाटा फुटताना बारीक तुषार उडतात, वाऱ्याबरोबर आत येतात, वाटेत त्यांतलं बरंचसं पाणी उडून जातं आणि मीठ राहतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातला कणभर वाटा रोज आमच्या गच्चीवर, ग्रिलवर आणि खाली उभ्या असलेल्या गाड्यांवर बसत असतो.

आता बरणीकडे या. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि त्यात विरघळतं. समुद्राच्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते त्याहून हावरट. त्याला 33 टक्के आर्द्रतासुद्धा पुरते. बारीक पाकीटबंद मिठापेक्षा खडेमीठ आधी ओलं होतं ते यामुळे. मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ 80 टक्क्यांच्या वर असते. म्हणजे गाडीच्या पोटाखाली बसलेलं मीठ त्या चार महिन्यांत दिवसरात्र ओलंच राहतं, पाऊस पडो की न पडो.

‘आमची गाडी पावसात भिजतच नाही, स्टिल्टखाली, इमारतीच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये असते’ असं सांगणारे शेजारी प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांच्या गाडीवर मीठ बसायचं थांबत नाही, फक्त पाऊस ते धुऊन नेत नाही. उघड्यावरच्या गाडीला निदान जुलैत फुकटची आंघोळ मिळते.

गंज म्हणजे लोखंडाला हवा आणि पाणी लागून होणारी रासायनिक क्रिया, इतकं शाळेत शिकलेलो असतो. गाडीची खरी गोष्ट मात्र तिथून पुढे सुरू होते. केंब्रिजच्या यूलिक इव्हान्स यांनी 1920च्या दशकात एक साधा प्रयोग केला, आणि तो तुम्हाला गॅलरीत बसून करता येतो. लोखंडी पट्टी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, तिच्यावर मिठाच्या पाण्याचा एक मोठा थेंब ठेवा आणि तास-दोन तास त्याला हात लावू नका. थेंबाच्या अगदी कडेला गंज दिसत नाही. कडेपासून जरा आत तांबूस कडं उमटतं. थेंब पुसलात की त्या कड्याच्या आतला मधला भाग निस्तेज, खरवडल्यासारखा झालेला असतो.

घडतं ते असं. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन तिथे भरपूर पोचतो. मध्यभागी तो कमी पोचतो. कडेचा ऑक्सिजन इलेक्ट्रॉन मागतो आणि मधलं लोखंड ते पुरवत स्वतः विरघळत जातं. इलेक्ट्रॉन पत्र्यातून जातात आणि विद्युतमंडल पुरं करण्याचं काम खारं पाणी करतं. दोन्हीकडचा माल जिथे भेटतो तिथे गंजाचं कडं. थोडक्यात ती एक चिमुकली बॅटरी असते आणि तिचं सेल म्हणजे तुमच्या गाडीचा पत्रा.

यातली उलटी गोष्ट अशी, की पत्रा तिथेच खाल्ला जातो जिथे ऑक्सिजन कमी असतो. म्हणजे उघड्या, वारा लागणाऱ्या भागापेक्षा झाकलेल्या भागात जास्त: मडगार्डच्या आत थापलेला चिखल, पायाखालच्या रबरी मॅटखाली अडकलेली ओल, आणि गंजावरच घाईघाईने भरलेली लांबी (पुट्टी). डेंटिंगवाल्याकडून गुळगुळीत होऊन आलेली गाडी दोन पावसाळ्यांत त्याच जागी फुगते, त्याचं कारण हे. आत बॅटरी चालूच असते, फक्त तिच्यावर झाकण बसलेलं असतं.

माझ्या दाराचं तेच झालं. खालच्या काठाला रंगाखाली शेंगदाण्याएवढा फोड आला होता. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो रंग आतून उचलतो. मी म्हटलं, स्क्रूड्रायव्हरने जरा खरवडून बघू. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. दाराचं आतलं कव्हर काढलं तेव्हा तळाशी रेनट्रीच्या बारीक पानांचा चोथा बसला होता, गाळणीत चहाचा बसतो तसा, काळा आणि ओला. दाराच्या काचेला लागून असलेली रबरी पट्टी सगळं पाणी अडवत नाही. थोडं पाणी दारात उतरणारच, हे गाडी बनवणाऱ्यांना ठाऊक असतं, म्हणून तर तळाला भोकं ठेवलेली असतात. माझ्या गाडीची भोकं निम्मी पानांनी बुजली होती आणि उरलेली हौसेने करून घेतलेल्या अंडरबॉडी कोटिंगने. पैसे मीच मोजले होते. कोटिंग करून घ्यायला हरकत नाही, पण गाडी ताब्यात घेताना दारांखाली आणि गाडीच्या पायऱ्यांखाली (दाराखालच्या पत्र्याच्या काठाला) बोट फिरवून भोकं उघडी आहेत ना ते बघा.

छोटा फोड घरी दुरुस्त करता येतो. 80 नंबरच्या पॉलिश पेपरने चांगला पत्रा लागेपर्यंत घासायचं, खाचाखोचांत उरतो त्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावायचं, मग प्रायमर, मग रंग. बऱ्याच कन्व्हर्टरमध्ये टॅनिक आम्ल असतं. ते गंजातल्या लोखंडाशी जोडी जमवून निळसर काळा, पाण्यात न विरघळणारा थर तयार करतं. हे रसायन आपल्याला मुळीच नवीन नाही. हिरडा आणि हिराकस घालून काळी शाई करायचे ना, तीच ही गोष्ट: हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोखंड. तासाभराने तांबूस पत्रा काळा पडलेला दिसतो तेव्हा मला दरवेळी दौत आठवते.

आणि एक. बॅटरीला जोडायची ‘इलेक्ट्रॉनिक गंजरोधक’ डबी कोणी विकायला आला तर पैसे वाचवा. तत्त्व खोटं नाही: पत्र्याला बाहेरून इलेक्ट्रॉन पुरवले तर त्याला स्वतः विरघळावं लागत नाही. हम्फ्री डेव्हीने 1824 मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून दाखवले, ते तुकडे झिजले आणि तांबं वाचलं. पण जहाज पाण्यात बुडालेलं असतं. संरक्षण करणारा प्रवाह फिरायला सगळीकडे सलग पाणी लागतं. पावसात हमखास तुंबणाऱ्या दादरच्या हिंदमातावरून जातानाचा काळ सोडला तर गाडी काही बुडालेली नसते. त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा पाइपने गाडीच्या पोटाखाली गोडं पाणी मारा. मुंबईत गाडी वरून रोज सकाळी बादलीभर पाण्यात पुसली जाते आणि खालून वर्षानुवर्षं कोणी बघत नाही.

पाणी ओढणारा दुसरा पदार्थ बॉनेटखाली असतो, आणि त्याच्याकडे तर हौशी लोकांचंही लक्ष नसतं. ब्रेक ऑइल. नाव ऑइल असलं तरी ते तेल नव्हे. बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल-ईथर जातीचं द्रव असतं आणि ते पाणी शोषतं. रबरी नळ्यांतून, टाकीच्या झाकणातून हवेतली ओल हळूहळू आत शिरत राहते. हा दोष वाटतो, पण पर्याय वाईट आहे. शोषलं नसतं तर तेच पाणी थेंब होऊन सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे चाकापाशी साचलं असतं, तिथेच उकळलं असतं आणि तिथेच गंजवत बसलं असतं.

शोषण्याची किंमत मात्र मोजावी लागते. बाटलीवर डॉट 4 ही प्रत लिहिलेली असेल तर नवं द्रव किमान 230 अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये. त्यात साधारण 3.7 टक्के पाणी मिसळलं की ही किमान हमी 155 वर येते. डॉट 3चे आकडे 205 आणि 140. आता खंडाळ्याचा घाट उतरताना काय होतं बघा. गाडीत पाच माणसं, डिक्कीत सामान, पाय सतत ब्रेकवर. गाडीची सगळी गती ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन उतरते आणि ती डिस्क आवळणाऱ्या कॅलिपरमधल्या द्रवापर्यंत पोचते. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत जातो. पण ते उकळून वाफेचे बुडबुडे झाले, की वाफ मात्र दाबली जाते. पेडल मऊ लागतं आणि खाली जातं. पायथ्याशी थांबून चहा घेईपर्यंत सगळं निवतं, वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि मेकॅनिक पेडल दाबून म्हणतो, ‘साहेब, ब्रेक तर एकदम कडक आहेत.’ तो खोटं बोलत नसतो.

म्हणून दर दोन वर्षांनी मी ते बदलतो. माझी पुतणी ड्रायव्हर सीटवर, मी मागच्या डाव्या चाकाशी. आपल्याकडे स्टिअरिंग आणि मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर द्रवात उतरवणारा पंप) उजवीकडे, म्हणून ते चाक सगळ्यात लांबचं, तिथून सुरुवात. (एबीएसच्या काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, मॅन्युअल बघा.) गाडी जॅकने उचलली तरी ती स्टँडवर टेकवल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. यावर मी कोणाचंही ऐकत नाही. ब्लीडर निपलला, म्हणजे जुनं द्रव बाहेर सोडायच्या चाकाजवळच्या छोट्या तोटीला, पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवलेलं.

‘दाब.’

‘दाबला.’

‘धरून ठेव.’ मी पाना पाव फेरा फिरवतो, कटिंग चहाच्या रंगाचं द्रव नळीतून सरकतं, निपल बंद. ‘सोड.’

‘काका, अजून किती वेळा?’

रंग बदलून फिक्या मधासारखा होईपर्यंत. दर पाच-सहा वेळांनी बॉनेटखालच्या टाकीत नवं भरायचं. ती रिकामी झाली तर हवा आत जाते आणि सगळा खेळ पहिल्यापासून. नुसत्या रंगावरून पाण्याचा अंदाज बांधू नका, स्वच्छ दिसणाऱ्या द्रवातही ओल असते. बाटली नवीन, सीलबंदच घ्या. मागच्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली कपाटात बसून तेवढंच पाणी प्यायलेली असते. रंगावर सांडलं तर ते रंग खातं, पण लगेच भरपूर पाणी ओता, सहज धुऊन जातं. पाण्याशी असलेलं त्याचं सख्य तेवढ्यापुरतं आपल्या कामी येतं.

दोन मिसळपावांच्या पैशांत येणारी ही बाटली म्हणजे माझ्या मते मुंबईच्या गाडीचं सगळ्यात मोठं अपग्रेड. अलॉय व्हील आणि हॉर्न नंतर. कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या दुकानांत ते कुठे पळून जात नाहीत.

रेडिएटरमधलं पाणी तेवढं गाडीला हवं असतं, पण तेही नळाचं किंवा टँकरचं नको. मुंबईत काही गोठत नाही, मग कूलंट कशाला, हा युक्तिवाद मी फार ऐकलाय. कूलंट उकळणंही लांबवतं आणि आतल्या ॲल्युमिनियमला गंजरोधक द्रव्यांनी सांभाळतं. तयार मिसळलेलं घ्या, किंवा डिस्टिल्ड वॉटर मिसळा. विषय संपला.

राहिलं इंजिनात शिरणारं पाणी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या कंपाउंडात गाड्या टायर बुडेपर्यंत पाण्यात होत्या. पाणी ओसरल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकांनी ‘चालू होते का बघू’ म्हणून चावी फिरवली. ‘टक्’ असा एक आवाज आला आणि इंजिन जागच्या जागी अडकलं. मेकॅनिकने खोललं तेव्हा एक कनेक्टिंग रॉड, पिस्टनला खालून धरणारा दांडा, वाकलेला निघाला.

पुतणीने विचारलं, किती पाणी गेलं की असं होतं? हिशोब सोपा आहे. 1200 सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचे 300 सीसी. कॉम्प्रेशन रेशो 10 धरला, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा वर असतानाच्या दहापट, तर पिस्टन सरकतो ते 300 सीसी त्यातले नऊ भाग; म्हणून तो अगदी वर गेल्यावर त्याच्या डोक्यावर 300 भागिले 9, म्हणजे साधारण 33 मिलिलिटर जागा उरते. हवा तेवढ्यात चेपून बसते. पाणी चेपत नाही. त्याहून जास्त पाणी आत असेल आणि वरचे व्हॉल्व्ह बंद असतील, तर पिस्टनला वर जायला जागाच नसते आणि मधला रॉड वाकतो. डिझेलमध्ये रेशो 17च्या आसपास असतो, तिथे जेमतेम 19 मिलिलिटर. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, ढकलत बाहेर काढायची. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवलं की सिलिंडरमधलं पाणी प्लगच्या भोकांतून उडून जातं. पण एअर फिल्टर ओला सापडला तर ते काम मेकॅनिकसमोरच करा.

पुतणी आत गेली आणि खोकल्याच्या औषधाचं झाकण घेऊन आली, 10 मिलिलिटरचं. तीन झाकणं पाणी आणि वर थोडं, असं तिने आमटीच्या वाटीत ओतलं. वाटीचा तळ झाकला गेला.

‘एवढंच?’ ती म्हणाली, आणि वाटी तिरपी करून बघत राहिली.