डिप्रेशनची गोळी लागू पडत नाहीये? झोपेचं कोणी विचारलं का?

दोन वेगवेगळी औषधं, पुरेसा डोस, पुरेसे आठवडे, आणि तरी माणूस तसाच उदास. याला हट्टी डिप्रेशन म्हणा, आणि हे दुर्मिळ अजिबात नाही. अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात (2006) पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले साधारण एक तृतीयांशच होते. मग गोळी बदलतात, अजून एक वाढवतात, पण रात्रीचं नीट कोणी विचारत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्या ग्वाल्हेरला लश्कर भागातल्या एक काकू, गोळ्या बदलून झाल्या तरी दिवसभर गळून गेलेल्या, कशात मन नाही. काका म्हणायचे, "अरे ती तर मस्त घोरते, झोपेचा काय प्रॉब्लेम?" पण घोरता घोरता मधेच आवाज बंद व्हायचा, दहा-पंधरा सेकंद काहीच नाही आणि मग दचकून मोठ्ठा श्वास. हा स्लीप अ‍ॅप्निया. घशाची वाट मिटते, ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, असं रात्रभर चालतं आणि सकाळी काही आठवत नाही. थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं, सगळं डिप्रेशनसारखंच दिसतं ना, म्हणून फसायला होतं. त्यात झोपेच्या काही गोळ्यांनी घसा अजून सैल पडू शकतो. काकूंची स्लीप स्टडी म्हणजे रात्रभर झोपेची तपासणी झाली, रात्री श्वासाची वाट उघडी ठेवणारं मास्कचं मशीन लागलं, आता बऱ्याच सावरल्यात, डिप्रेशनची गोळीही चालू आहे.

निद्रानाशाचं वेगळंच. डिप्रेशन नसलेल्या पण झोप न येणाऱ्यांना पुढे डिप्रेशन व्हायचा धोका साधारण दुप्पट असतो, आणि मूड सुधारूनही झोप बिघडलेलीच राहिली तर आजार परत उलटू शकतो. यावर सीबीटी-आय नावाचा बिनगोळीचा उपचार आहे: रोज एकाच वेळी उठायचं, झोप येईना तर पलंग सोडायचा, पलंगावरचा वेळच आधी कमी करायचा. गंमत बघा, पूर्ण रात्र जागवलं तर जवळपास निम्म्या डिप्रेशनच्या पेशंटचा मूड दुसऱ्या दिवशी सुधारतो, पण झोपून उठले की बहुतेकांचा पुन्हा घसरतो. हे घरी करू नका हं, बायपोलर (कधी खोल उदासी, कधी अति उत्साह असा आजार) असेल तर मेनिया, म्हणजे तो अति उत्साहाचा झटका, येऊ शकतो.

काही डिप्रेशनच्या गोळ्यांनी रात्री पायांची तळमळही वाढू शकते, म्हणजे पाय सतत हलवावेसे वाटतात, तेही डॉक्टरांना सांगा. गोळी स्वतःहून बंद नका करू. पुढच्या अपॉइंटमेंटला शेजारी झोपणाऱ्यालाच सोबत न्या, नाहीतर घोरण्याचं रेकॉर्डिंग मोबाइलवर घेऊन जा.