नजर कमी झाली की लक्ष कमी पडतंय?

"अहो, समोरच तर आहे!" साठी ओलांडलेल्या माणसाला हे घरात वारंवार ऐकावं लागतं. गच्च भरलेल्या खणात किल्ली शोधताना हात तिच्यावरून दोनदा फिरतो आणि घरचे ठरवून टाकतात, डोळ्यांचा नंबर वाढला. नवा चष्मा येतो. किल्ली तरीही पटकन सापडत नाही.

डोळ्यांना किती स्पष्ट दिसतं, ती नजर. दिसणाऱ्या गर्दीतून मेंदू हवं ते किती लवकर वेचून काढतो, ते लक्ष. या दोहोंची सर्रास गल्लत होते.

नजरेचं त्या मानाने सरळ आहे. चाळिशीत डोळ्यातलं भिंग ताठर होऊन जवळचं धूसर दिसू लागतं. पुढे भिंग पिवळसर होतं, बाहुलीही लहान राहते. विशीत डोळ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीत पोचतो. चष्मा, भरपूर उजेड आणि गरज पडल्यास मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हे उपाय आहेत.

लक्षाचं मात्र काम किती अवघड आहे त्यावर ठरतं. हिरव्या ठिपक्यांत एकच लाल ठिपका ठेवा. ठिपके दहा असोत की चाळीस, तो आपण होऊन डोळ्यांत भरतो. ज्येष्ठांना जरा उशीर लागेल, पण ठिपके वाढले म्हणून तो उशीर फारसा वाढत नाही. आता लाल चौकोन आणि हिरवे गोल यांच्या सरमिसळीत एकच लाल गोल शोधून पाहा. रंग चौकोनांशी जुळतो, आकार गोलांशी, त्यामुळे एकेक जागा तपासत जावं लागतं. मानसशास्त्रज्ञ ॲन ट्रीझमन यांच्या १९८० सालच्या सिद्धान्तात हाच फरक मांडलेला आहे. वयाची तफावत इथे उघडी पडते, आणि गर्दीत भर पडेल तशी रुंदावते. मेंदूचा वेग मंदावलेला असतो आणि नको ते बाजूला सारणंही जड जातं, अशी दोन कारणं संशोधक देतात.

म्हणूनच डोळे तपासायच्या अक्षरांच्या तक्त्यावर विसंबू नये, असं मला कळकळीने वाटतं. तिथे पांढऱ्या पाटीवर ठसठशीत काळी अक्षरं असतात, घाई नसते. गाडी चालवताना चौकात याच्या नेमकं उलट. मानसशास्त्रज्ञ कार्लीन बॉल आणि सहकाऱ्यांनी एका झलकेत मधलं आणि कडेचं एकदमच किती टिपता येतं हे मोजलं. १९९३ साली त्यांनी दाखवलं की हा आवाका आक्रसलेल्या ज्येष्ठ चालकांच्या नावावर अपघात जास्त होते, आणि तक्त्यावरच्या नजरेपेक्षा या मोजणीचा अपघातांशी संबंध कितीतरी घट्ट होता.

घरच्या घरी ढोबळ अंदाज घेता येतो. दिवा लावल्यावर किल्ली सापडली तर अडचण बहुधा नजरेची. खण अर्धा रिकामा केल्यावर सापडली तर लक्षाची. पुष्कळदा दोन्ही थोडी थोडी असतात, कारण अंधूक दिसलं की शोधही लांबतो. पण एका बाजूचं सगळंच अचानक दिसेनासं झालं, तर ते वयावर ढकलू नका. तो पक्षाघात असू शकतो. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.